सातवा घाणा

चौदावा घाणाही काळाच निघाला, तेव्हा चिंगीला रडू आलं नाही की राग आला नाही. नुसतं डोकं बधिर झालं. एमआरआय मशीनच्या काचेपलीकडच्या खोलीत पडद्यावर चौदा गोल दिसत होते, चौदा छोट्या नळ्यांचे. तेरा गोल शाई सांडावी तसे काळे. आणि मधला एक, सातवा, पांढराशुभ्र.

"मॅडम, हा सातवा नक्की तुमचाच ना?" मशीन चालवणाऱ्या बाईंनी विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, पण लागायचं ते लागलंच.

"माझाच," चिंगी म्हणाली. "म्हणजे, असावा."

चिंगी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. वय एकेचाळीस, डोळ्यांवर जाड चष्मा, नावामागे डॉक्टरेट. पण घरात एकदा चिंगी नाव पडलं की माणूस म्हातारं झालं तरी चिंगीच राहतं. प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणत. आपण घरचंच नाव चालवू, कारण या गोष्टीत तिचं मॅडमपण टिकलेलं नाही.

तिचं काम समजायला अवघड नाही, करायला अवघड. एमआरआयच्या फोटोत शरीरातला एखादा भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून एक औषध देतात. नेहमीचं औषध किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे ज्यांच्या किडन्याच थकल्यात त्यांना ते द्यायला डॉक्टर कचरतात. चिंगी त्याच्याऐवजी लोखंडाचं औषध करत होती. लोखंडाचे इतके बारीक कण, की केसाच्या जाडीत ओळीने वीस हजार मावतील, आणि प्रत्येक कणावर साखरेच्या जातीचं वेष्टण, म्हणजे ते एकमेकांना चिकटू नयेत. कण बारीक आणि सुटे राहिले तर फोटोत ती जागा उजळते. त्यांचे गठ्ठे झाले तर तीच जागा काळी पडते, आणि शरीरात आधीच काळं दिसणारं पुष्कळ असल्यामुळे त्या काळ्याचा काही उपयोग नाही. उजेड पाडायला निघालेल्या बाईने तेरा वेळा अंधार करून ठेवला होता.

घाणा हा शब्द मामांचा. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने सहायक. तीस वर्षं काचेची भांडी सांभाळलेला माणूस. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. "बॅच कसली?" ते म्हणायचे. "कढईतून काढतात तो घाणा, आपण चंबूतून काढतो तोही घाणाच." शब्द इतका चिकटला की आता वहीतही तोच लिहिला जात होता. पहिला घाणा, दुसरा घाणा, अशी पानंच्या पानं.

विभागाचे साहेब बोलताना समोरच्याकडे न बघता पेनाच्या टोपणाकडे बघत. चौदावा गोल बघून झाल्यावर ते टोपणाला म्हणाले, "सोमवारी मला वर लिहून द्यायचंय. सातवा परत जमतो असं लिहू, की आम्ही तो मागे घेतो असं?"

"आज गुरुवार आहे सर."

"म्हणूनच विचारतोय. एकदा जमतं त्याला योगायोग म्हणतात. चौदात एकदा जमलेलं काही दिवसांनी लोकांना लबाडी वाटायला लागतं."

चिंगी मान हलवून बाहेर आली. पण खरं सांगायचं तर साहेबांची तिला तितकी भीती नव्हती. भीती होती ती घरी जायची.

* * *

त्यासाठी सातव्या घाण्याच्या दिवसाकडे जायला हवं. दोन महिन्यांपूर्वीचा बुधवार.

चिंगीचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद करून दहा वर्षं झाली, तरी खिडकीशी टेबल मांडून डोळ्याला भिंग लावून बसायचे, शेजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळं उघडून. किडन्या निम्म्याहून कमी काम करत होत्या. त्यात पोटाच्या साध्या तपासणीत लिव्हरवर एक डाग दिसला. त्या बुधवारी दुपारी त्यांचा एमआरआय होता, नेहमीच्या औषधाशिवाय, कारण किडन्या. चिंगीने सकाळी घाणा चढवला, पुढचं सगळं कागदावर लिहून मामांच्या हातात दिलं आणि बाबांना घेऊन हॉस्पिटलात गेली.

फोटो निघाला, पण धड काही कळेना. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, पडद्यावर मोठा केला, लहान केला. "असेल किंवा नसेलही," ते म्हणाले. म्हणजे काय असेल किंवा नसेल, हे तिघांनाही समजत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. "औषध देता आलं असतं तर कडा स्पष्ट दिसल्या असत्या. आता एकच मार्ग. सुई घालून छोटा तुकडा काढायचा आणि तपासायचा. तीन आठवड्यांच्या आत करून टाका, त्याहून थांबू नका."

आणि नशिबाचा खेळ बघा, दुसऱ्याच दिवशी सातवा घाणा पांढरा निघाला. सहा काळ्यांनंतर पहिला पांढरा! चिंगी नाचतच घरी आली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, "बाबा, जमलं!"

बाबांनी डोळ्याचं भिंग काढलं. "काय, शास्त्रीबुवा? ते किडनीवाल्यांचं औषध?"

"तेच!"

"मग झालं तर! सुंठीवाचून खोकला गेला. सुई कशाला घ्यायची? तुझंच औषध टोचून परत फोटो काढू."

इथे चिंगीने सांगायला हवं होतं. एका नळीत पांढरा गोल दिसणं आणि माणसाच्या शिरेत औषध जाणं, यात कितीतरी वर्षांचं अंतर असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बाबांचा चेहरा हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा फुलला होता. ती हसली आणि म्हणाली, "बघू."

बघू! काय हा शब्द आहे. हो नाही आणि नाही पण नाही. त्या एका शब्दावर म्हातारा दोन महिने बसून होता. हॉस्पिटलातून फोन आला की बाबा सांगत, "माझ्या मुलीचं औषध येतंय, मग बघू." आणि संध्याकाळी चिंगीला विचारत, "आज कितवा?"

"अकरावा."

"कसा निघाला?"

"काळा."

"निघेल गं पांढरा. घाई नाही."

घाई नाही म्हणे! चिंगी रात्री कूस बदलत दिवस मोजायची. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. आणि रोज संध्याकाळी तिला वाटायचं, पुढचा घाणा पांढरा निघू दे, मग सांगू. निदान हातात काहीतरी चांगलं असताना सांगू. पांढरा निघाल्यावर सांगणं सोपं कसं होणार होतं, हे तिचं तिलाही उमगत नव्हतं. एरवी हिशेबी असलेली बाई, पण या बाबतीत तिचं डोकं चालेनासं झालं होतं.

* * *

प्रयोगशाळेत मात्र ती हट्टाला पेटली. सातव्या दिवशी काय वेगळं झालं? पाणी तेच, लोखंडाचे क्षार त्याच बाटलीतले, तापमान तेच, वेळ तीच. हवा? त्या दिवशी उकडत होतं म्हणून नवव्याला तिने खिडक्या बंद करून हीटर लावला. काळा. बुधवार होता म्हणून दहावा बुधवारी केला. काळा. शास्त्रज्ञ बाई वार बघायला लागली तेव्हा मामांनीच हळूच म्हटलं, "मॅडम, आता नुसता पत्रिका बघायचा अवकाश आहे."

मग तिला वाटलं, ढिलाई होतेय. नियम आवळले. आणि सगळ्यात कडक नियम चुंबकाचा. तो नियम जुनाच होता. तिसऱ्या घाण्याच्या वेळी कुणीतरी भरलेली बाटली एका स्पीकरशेजारी ठेवली होती, आणि आतलं सगळं लोखंड एका कडेला गोळा होऊन दह्यासारखं बसलं. चिंगी तेव्हा सगळ्यांसमोर रडली होती आणि डोळे पुसून म्हणाली होती, "यापुढे माझ्या कणांजवळ जो चुंबक आणेल त्याला मी दाराबाहेर काढीन." इतर प्रयोगशाळांत चंबूत चुंबकाची छोटी कांडी टाकतात, खालून यंत्राने ती फिरवतात आणि द्रव ढवळतात. इथे ते बंद. इथे वरून मोटारीला काचेचा दांडा लावून ढवळायचं.

चुंबकाचा हा राग तिने घरून आणला होता. लहानपणी तिने एकदा खेळातला चुंबक बाबांच्या टेबलावर ठेवला होता. तीन घड्याळं पिसाळल्यासारखी पळायला लागली. बाबांनी आयुष्यात तिला एकदाच मारलं, ते तेव्हा. "चुंबक म्हणजे घड्याळाचा वैरी," हे वाक्य तिने पाढ्यांच्या आधी पाठ केलं. आता अकराव्या घाण्यापासून तिने मोबाइल बाहेर ठेवायला लावले, चुंबकाच्या बटणाच्या पर्सा बाहेर ठेवायला लावल्या, फ्रिजवरची चुंबकाची चिकटचित्रं काढून टाकली. मामांच्या चष्म्याची डबी चुंबकाने बंद व्हायची. तीही गेली. मामांनी चष्मा मोज्यात गुंडाळून खिशात ठेवायला सुरुवात केली, पण तोंडातून ब्र काढला नाही.

आणि जितके नियम आवळले तितके घाणे जास्त काळे निघाले.

मामांना तिने तीनदा विचारलं. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा वही समोर ठेवून, तिसऱ्यांदा दार लावून.

"मामा, सातव्याला मी दुपारनंतर नव्हते. काही वेगळं झालं होतं का? काहीही. चमचा खाली पडला असेल तरी सांगा."

"नाही मॅडम. तुम्ही लिहून दिलं होतं तसंच केलं."

"शपथ?"

"आता शपथेपर्यंत आलात?" मामा म्हणाले आणि भांडी घासायला वळले. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा मामांनी तेच भांडं घासलं. चिंगीचं मात्र तिकडे लक्ष गेलं नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर होती. प्रत्येक घाण्यात लोखंड किती उतरलं हे मोजून वहीत लिहिलेलं असे. बाकी सगळ्यांत जवळपास सारखं, फक्त सातव्यात निम्म्याहून कमी. तिने त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल काढून शेजारी लिहिलं होतं, 'मोजणी चुकली, मशीन तपासणे.' मशीन दोनदा तपासलं. मशीन ठणठणीत होतं. तरी तिने तो गोल पुसला नाही. माणसाने एकदा चूक कुठे आहे हे ठरवून टाकलं की मग ती चूक तिथेच असावी लागते.

शुक्रवार गेला. शनिवारी तिने साहेबांसाठी पत्राचा मसुदा लिहिला. सातव्या घाण्याचा निकाल आम्ही मागे घेत आहोत, नमुन्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे, आणि त्याची सर्व जबाबदारी माझी आहे. टाइप करायला तिने तो मामांकडेच दिला. मामांनी टाइप केला. शेवटच्या ओळीशी ते बराच वेळ थांबले होते, एवढं तिला नंतर आठवलं.

* * *

रविवारी सकाळी दहा वाजता दार वाजलं. चिंगी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. बाबांनी दार उघडलं.

"मॅडम आहेत का?"

आवाज मामांचा. चिंगी चकित झाली. तीस वर्षांत मामा कुणाच्या घरी गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"या, या! तुम्हीच ना मामा?" बाबा खुशीत आले. "पोरगी कपडे वाळत घालतेय. शास्त्रज्ञ झाली तरी कपडे हातानेच वाळत घालावे लागतात. बसा. हे घड्याळ जरा बाजूला करतो."

"तब्येत काय म्हणते तुमची?"

"किडन्या म्हाताऱ्या झाल्यात माझ्यापेक्षा. आणि लिव्हरवर एक डाग आहे. डॉक्टर म्हणतात, सुई घालून तुकडा काढतो. मी म्हटलं, कशाला? तुमच्या मॅडमचं औषध आहे की! सातवा घाणा जमला, तुमच्याच हातचा होता ना तो? आता पुढचा जमला की तेच टोचून घेणार. तोवर थांबलोय."

"थांबलाय? किती दिवस?"

"झाले दोन महिने."

चिंगी ओला टॉवेल हातात धरून उभी होती. टॉवेलचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. आत जावं आणि दोघांसमोर सांगून टाकावं, बाबा, थांबू नका. चार पावलं होती. तिच्याने ती टाकवली नाहीत.

मामाच गॅलरीत आले. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले.

"मॅडम, सातव्या घाण्याबद्दल मी खोटं बोललो. तीन वेळा."

चिंगीने टॉवेल बादलीत टाकला.

"तुम्ही हॉस्पिटलात गेलात आणि तासाभरात वरची मोटार बंद पडली. ठप्प. चंबू तापलेला, आत सगळं उकळतंय, ढवळणं थांबलं तर घाणा जाणार. तुम्हाला फोन करावा म्हटलं, तर तुम्ही बाबांना घेऊन त्या मशीनच्या खोलीत. मग मी जुन्या कपाटातली चुंबकाची कांडी काढली, चंबूत टाकली, खालून फिरवली."

"चुंबकाची?"

"हो. तुम्ही दाराबाहेर काढीन म्हणाला होतात तीच." मामांनी एक हात पुढे करून बोटांनी जाडी दाखवली. "शेवटी कांडी बाहेर काढली तर तिच्यावर हे एवढं काळं बसलेलं. सुरवंटासारखं. निम्मा घाणा तिच्यावरच गेला असेल. मी ते कागदाने पुसून टाकलं, कांडी धुऊन ठेवली, मोटारीचा फ्यूज बदलला आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तो पांढरा निघाला. मला वाटलं, वाचलो! आपण एवढी घाण करूनही निघाला, म्हणजे मॅडमची विद्याच मोठी. मग तर बोलायचं कारणच उरलं नाही."

"किती म्हणालात? किती चिकटलं होतं?"

"निम्मं तरी."

"निम्मं," चिंगी म्हणाली आणि पालथ्या ठेवलेल्या दुसऱ्या बादलीवर बसली. वहीतला पेन्सिलचा गोल तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मोजणी चुकली नव्हती. लोखंड खरंच निम्मं झालं होतं, कारण गठ्ठे झालेले मोठे कण कांडीने ओढून घेतले होते. बारीक, सुटे कण चुंबकाला दाद देत नाहीत. ते तेवढे पाण्यात राहिले. म्हणजे प्रत्येक घाण्यात चांगलंही होतं आणि वाईटही होतं, आणि वाईट उचलून फेकणारा एकमेव माणूस तिने दाराबाहेर काढायची धमकी देऊन गप्प केला होता. वाळूतून लोखंडाचा कीस चुंबकाने वेगळा करतात, हे शाळेतल्या पोराला येतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! ती खो खो हसायला लागली. मामा घाबरून दोन पावलं मागे सरकले.

"मॅडम, रागवा, पण हसू नका असं."

"मामा, शनिवारपर्यंत नाही बोललात. मग आज का आलात?"

मामांनी आत नजर टाकली. बाबा पुन्हा भिंग लावून घड्याळात डोकं घालून बसले होते.

"काल ते पत्र टाइप करताना हात अडखळला. म्हणून आलो. पण दारातून परत जावं असंच वाटत होतं," मामा म्हणाले. "मला वाटत होतं, तुमचा फार तर एक कागद अडलाय. इथे माणूस अडलाय, हे मला माहीत नव्हतं."

चिंगीचं हसू जागच्या जागी थांबलं.

* * *

सोमवारी सकाळी मामांनी जुन्या कपाटातून कांडी आणली आणि तिच्याबरोबर आणखी सहा. फ्रिजमध्ये आठव्यापासून चौदाव्यापर्यंतच्या बाटल्या ओळीने होत्या. एकेका बाटलीत एकेक कांडी सोडली आणि दोन तास वाट बघितली. कांड्या बाहेर काढल्या तेव्हा सातही सुरवंट झाल्या होत्या, आणि बाटल्यांत कोऱ्या चहाच्या रंगाचं नितळ पाणी उरलं होतं.

दुपारी मशीनच्या पडद्यावर गोल उमटले. पांढरा, पांढरा, पांढरा. अकरावा करडाच राहिला, का ते कुणाला कळलं नाही. बाकी सहा सातव्याइतकेच पांढरे. मशीनवाल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, हे नक्की तुमचेच?" आणि या वेळी चिंगी म्हणाली, "माझे आणि मामांचे."

साहेब पहिल्यांदाच टोपण सोडून पडद्याकडे बघत होते. "इतकं सोपं होतं, तर दोन महिने का नाही सुचलं?"

"माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे ना सर, म्हणून," चिंगी म्हणाली. साहेबांना अर्थातच काही बोध झाला नाही. त्यांनी मागे घेण्याचं पत्र फाडलं आणि उंदरांवरच्या चाचणीचा अर्ज उद्याच भरू म्हणाले.

उंदरांवरच्या. तो शब्द ऐकला आणि चिंगीचा आनंद खाली बसला. ती साडेचारलाच निघाली. चालत गेली, म्हणजे वेळ लागावा.

बाबा खिडकीशी होते. तिचा चेहरा बघून त्यांनी भिंग काढलं. "जमलं!"

"जमलं."

"किती?"

"सातातले सहा."

"वा गं पठ्ठे!" बाबांनी टेबलावर थाप मारली, बारीकसारीक स्क्रू उडाले. "मग आता कधी? मला कधी टोचायचं?"

बघू. शब्द अगदी जिभेवर आला होता. गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेला. चिंगीला मामा आठवले, हात मागे बांधून उभे असलेले.

"बाबा, ते तुमच्यासाठी नाही."

"म्हणजे?"

"आधी उंदीर. मग ससे. मग परवानग्या, मग धडधाकट माणसं, मग आजारी माणसं. सगळं सुरळीत झालं तरी आठ-दहा वर्षं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं."

बाबांनी उडालेले स्क्रू एकेक करून गोळा केले.

"मग 'बघू' का म्हणालीस?"

"तुम्ही इतके खूश झाला होतात. आणि मलाही वाटलं, काय सांगावं, काहीतरी होईल. काय वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, बाबा. मी चुकले."

"बंद घड्याळ घेऊन आलेल्याला मी कधी चालेल म्हणून सांगितलं नाही," बाबा चढ्या आवाजात म्हणाले. "कधीच नाही. तुझ्यासमोर दुकान चालवलं मी." मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "पण मी तरी कुठे खरं बोललो?"

"तुम्ही काय खोटं बोललात?"

"सुईची भीती वाटत होती, ती वाटतेच. पण तिसऱ्या आठवड्यात मी जाणार होतो. पिशवी भरली होती. बघ, कपाटाखाली आहे अजून. मग त्या दिवशी तुझा आठवा का नववा काळा निघाला. तोंड एवढंसं करून आलीस. मला वाटलं, आज मी सुई घेतली तर हिला वाटेल, बापाचासुद्धा माझ्या औषधावर भरवसा नाही. म्हटलं, सगळं जग सोडेल तिला, आपण नको सोडायला." ते ओशाळवाणं हसले. "म्हणून म्हणत होतो, घाई नाही."

चिंगी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि रडली. सातव्या घाण्यापासून जे रडू आलं नव्हतं ते सगळं आलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दोघांपैकी कोण कुणाला सावरतंय हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग तिने कपाटाखालून पिशवी ओढून काढली. दोन सदरे, टॉवेल, जुने रिपोर्ट, चष्म्याची डबी. पिशवीवर धूळ बसली होती. ती पुसून तिने हॉस्पिटलचा नंबर लावला आणि फोन दोघांच्या मधे ठेवला.

"तारीख टळून पाच आठवडे झालेत," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "उशिराचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

चिंगीने तोंड उघडलं, पण बाबांनी फोन स्वतःकडे ओढला. "लिहा, मुलीला सोबत म्हणून थांबलो होतो."

"सोबत? मुलगी ॲडमिट होती का?"

"नाही."

"मग?"

"ती मोठी लांबड आहे हो. लिहून टाका."

बाईंनी काय लिहिलं कुणास ठाऊक. उद्या सकाळी आठ, उपाशीपोटी, सोबत एक माणूस, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. डाग अजून होता तसाच होता. तो काय आहे हे ना डॉक्टरांना ठाऊक होतं, ना चिंगीला.

बाबांनी भिंग डबीत ठेवलं, टेबलावरचा दिवा मालवला. "उद्या तुझा पंधरावा असेल ना? येशील का गं, की जमणार नाही?"

"येते," चिंगी म्हणाली.